उपासाच्या मिठाचा खण

मित्रांनो, मला जीभ नाही, तरी मिठाबद्दल या घरात माझ्याइतके कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. सागवानी, हातभर लांबीचा, पाच खणांचा आणि सरकत्या झाकणाचा. तुमच्या घरी आता स्टीलचे गोल डबे असतात आणि त्यांतल्या वाट्या उचलताना खणखणतात. माझ्या तरुणपणी मिठासाठी लाकूड किंवा चिनी माती लागे, कारण पत्र्याच्या डब्यात मीठ ठेवले की दोनचार पावसाळ्यांत ते डबाच खाऊन टाकते. मला त्याने खाल्ले नाही. आतून पांढरे मात्र केले, आणि ते पांढरे डाग कितीही घासले तरी जात नाहीत.

माझा जन्म एकसष्ट सालचा. धरमपेठेत दोन खोल्या आणि मागे पडवी असे एक भाड्याचे घर होते. त्या पडवीत गोविंदा सुताराने मला जोडले. मला घडवून घेणारी होती यमुताई. तिचे यजमान मार्तंडराव सरकारी कचेरीत कारकून होते, आणि त्यांची एकुलती एक मुलगी नीला तेव्हा सहा वर्षांची होती. गोविंदा रंधा मारत होता आणि यमुताई त्याच्या डोक्यावर उभी राहून सूचना देत होती.

"भाऊ, या शेवटच्या दोन खणांमधली फळी चांगली उंच घ्या. इकडचा कण तिकडे नाही गेला पाहिजे."

"काहून जी बाई?" गोविंदाने विचारले. "दोन्हीत मीठच तं ठेवान ना?"

"एकात मीठ. दुसऱ्यात सैंधव, उपासाचं."

गोविंदाला हसू आले, पण त्याने फळी उंच घेतली आणि सैंधवाच्या खणाला वेगळे छोटे झाकणही बसवून दिले. तिखट, हळद, धण्याची पूड आणि मीठ या चौघांना एकच सरकते झाकण. सैंधवाला मात्र झाकणाखाली आणखी एक झाकण, असा माझ्या पोटातला थाट होता.

नियम साधा होता. उपासाला मीठ चालत नाही आणि सैंधव चालते. त्यामुळे सैंधव म्हणजे मीठ नव्हे, हे त्या घरात कोणी कधी शिकवले नाही आणि कोणी विचारलेही नाही. यमुताई आंघोळ झाल्याशिवाय त्या खणाला हात लावत नसे, आणि दुसऱ्या कोणाला तर लावूच देत नसे. नीलाने एकदा पारोशा हाताने चिमूट उचलली तेव्हा सगळा खण रिकामा झाला, धुतला गेला आणि दोन दिवस मी उन्हात पडून होतो.

मला स्वतःला मोठे कुतूहल असे. माझ्याकडे येणारे हे पाहुणे येतात कुठून? खडे मीठ यायचे हातगाडीवरून. मीठवाला गल्लीत शिरला की "मीऽऽठ" अशी हाक यायची आणि यमुताई पाटी घेऊन बाहेर जायची. हे मीठ समुद्राचे, असे सगळे म्हणत. नागपूर पडले देशाच्या ऐन पोटात. इथून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र दूरच. मी तो पाहिलेला नाही. पण पावसाळा लागला की खडे मीठ माझ्या खणात पाझरायला लागे, तेव्हा मला वाटायचे की त्याला घरची आठवण येत असावी. सैंधवाचे तसे नव्हते. ते उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगरातून खणून काढलेले, गुलाबी झाक असलेल्या दगडासारखे. गिरिधर किराणावाल्याकडून त्याचे खडे आणायचे, खलबत्त्यात कुटायचे आणि वस्त्रगाळ करून माझ्यात भरायचे. श्रावण असो की भादवा, ते कोरडे ठणठणीत राही.

पादेलोण होते, पण त्याला माझ्यात जागा नव्हती. ते काचेच्या बाटलीत असे आणि पोट दुखले की बाहेर येई. नीला थोडी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, "आई, याचा वास उकडलेल्या अंड्यासारखा येतो." त्यावर यमुताईने विचारले, "उकडलेल्या अंड्याचा वास तुला कसा माहीत?" आणि तो विषय तिथेच संपला. दळलेले बारीक मीठ पुडीतून यायचे, तेही पाहुणे असले तरच, कारण ते पानात वाढायला बरे दिसते.

पानात मीठ आधी वाढतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मार्तंडरावांच्या पानात ते दोनदा वाढावे लागे. असा मीठखाऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही. भाजी चाखायच्या आधीच ते तिच्यावर मीठ भुरभुरायचे. काकडीवर मीठ, पेरूवर मीठ, दहीभातात मीठ असूनही वरून मीठ. यमुताई म्हणायची, "यांना नुसतं मीठ वाढलं आणि सोबत चवीला भात दिला तरी चालेल." ते हसायचे आणि पुन्हा पानातल्या मिठाकडे बोट न्यायचे. ते दिवस चांगले होते. माझे झाकण दिवसातून वीसदा सरकायचे आणि त्याच्या खाचा हाताच्या तेलाने गुळगुळीत झाल्या होत्या.

त्र्याहत्तर साली दसऱ्याच्या सुमारास मार्तंडरावांना कचेरीत घेरी आली. यमुताईचा धाकटा भाऊ मुकुंद त्याच कचेरीत होता. त्याने त्यांना रिक्षात घालून घरी आणले आणि वाटेत डॉक्टर बळीराम गजभिये यांना बोलावूनही आला. हे डॉक्टर वयाने तरुण होते, नुकताच त्यांनी जवळच दवाखाना टाकला होता, आणि हळू आवाजात बोलत. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि पुन्हा फुगवला.

"काका, प्रेशर फार वाढलं आहे," ते म्हणाले. "गोळ्या लिहून देतो. पण गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं एक सांगतो, काकू, तुम्ही नीट ऐका. यांचं मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. हे नाही सांभाळलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल."

यमुताईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

त्या दिवसापासून तिने जी शिस्त लावली तिला तोड नव्हती. मार्तंडरावांचा स्वयंपाक वेगळा. त्यांची आमटी छोट्या पितळी पातेलीत, त्यांची भाजी वेगळ्या कढईत. पानातले मीठ बंद. लोणचे बंद, पापड बंद, शेवचिवड्याचा डबा तर शेजारी देऊन टाकला. पण पहिल्या दिवशी अळणी आमटी ढवळताना तिचा हात थांबला. बिचाऱ्या माणसाच्या घशाखाली हे उतरणार कसे? तिने माझे झाकण सरकवले, मग आतले छोटे झाकण उचलले, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मलाही तो झाला.

"सैंधव आहे की!" ती नीलाला म्हणाली. "माझ्या लक्षातच कसं नाही आलं? उपासाला चालतं, आजाऱ्याला चालतं. शिवाय गुणानं थंड."

नीला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, सायन्सला. तिने मान डोलावली. मार्तंडरावांनीही डोलावली. मित्रांनो, त्या घरात कोणी कोणाला फसवत नव्हते. तिघांनाही ते अगदी बरोबर वाटले, आणि मला वाटलेल्या अभिमानाचे काय सांगू! आठवड्यातून एकदा उघडणारा माझा शेवटचा खण आता रोज दोनदा उघडू लागला. सैंधवाची चव खड्या मिठापेक्षा जरा सौम्य, म्हणून यमुताई ते सढळ हाताने घालायची. थंडच तर आहे, काय बिघडते, अशी तिची समजूत.

डॉक्टर पंधरा दिवसांनी आले. "मीठ बंद आहे ना?"

"कणभर नाही," यमुताई म्हणाली.

पट्ट्याचा आकडा होता तिथेच होता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आणखी पंधरा दिवसांनी तो चढला होता. पौषात आणखी चढला. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळत अगदी सहज विचारले, "काका, बाहेर काही खाणं होतं का?"

"नाही हो. ताईचा डबा असतो ना माझा," मार्तंडराव म्हणाले. ते बायकोला सगळ्यांसारखे ताईच म्हणत.

डॉक्टर गेले, पण त्यांचा प्रश्न घरात राहिला. यमुताईने आधी तो गिळला. मग एके संध्याकाळी मार्तंडराव हातपाय धुऊन चहाला बसले, तेव्हा तिने विचारलेच.

"अहो, कचेरीच्या बाहेर तो तर्रीपोहेवाला उभा राहतो ना अजून?"

"राहतो. काहून?"

"काही नाही."

मार्तंडरावांनी कप खाली ठेवला. "तुला वाटून राहिलं मी तिथं जाऊन खातो? अगं, तुझी शपथ घेऊन सांगतो, मी काहीच खाऊन नाही राहिलो बाहेर."

शपथेने तिचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुकुंदला बोलावून घेतले आणि मधल्या सुट्टीत भाऊजींवर नजर ठेवायला सांगितले. मुकुंद आठ दिवसांनी आला आणि माझ्याच शेजारी ओट्याला टेकून म्हणाला, "ताई, ते फक्त तुझा डबा खातात. मी रोज समोर बसतो. आता मलाच लाज वाटून राहिली असं पाहत बसायची."

"तुम्ही पुरुष सगळे एक," यमुताई म्हणाली. "त्यांनी तुलाही पोहे चारले असतील."

मग ती कपडे धुवायला घेताना त्यांचे खिसे तपासू लागली. एकदा शर्टाच्या खिशात शेंगदाण्याची दोन टरफले निघाली. मार्तंडरावांनी कचेरीच्या आवारातल्या खारीला नुसते भाजलेले दाणे घातले होते, पण टरफलावर चव थोडीच लिहिलेली असते? त्या दिवसापासून यमुताईने त्यांच्याशी कामापुरते बोलणेही सोडले. पाणी हवे असेल तर नीलामार्फत, आणि कचेरीला निघालो हेही नीलामार्फत. रोज सकाळी मात्र वेगळ्या पातेलीत वेगळी आमटी व्हायची आणि तिच्यात माझ्या खणातले सैंधव पडायचे. वरून तिने त्यांच्यासाठी सोळा सोमवार धरले. दर सोमवारी तिच्याही पानात तेच.

मार्तंडराव हळूहळू वाळत गेले. त्यांना आजाराचे एवढे वाटत नसावे, जेवढे आपल्यावर विश्वास नाही याचे वाटत होते. एकदा पाणी प्यायला ते एकटेच स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर उभे राहून स्वतःशीच म्हणाले, "आता काय करून दाखवू हिला?" मी लाकूड. मिठाची गुळणी धरून बसण्यापलीकडे मी काय करणार होतो? आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही कळले नव्हते. मी दोन्ही मिठे इतकी वर्षे शेजारी शेजारी सांभाळली, दोघांनी माझे लाकूड सारखेच पांढरे केले, तरी माझ्याही डोक्यात ती उंच फळीच बसली होती.

विचारले ते अंजनाबाईने. ती घरी भांडी घासायला यायची. फाल्गुनातली सकाळ होती. यमुताई देवळात गेली होती आणि नीला प्रात्यक्षिक परीक्षेची वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. अंजनाबाईने मार्तंडरावांची पातेली घासायला घेतली आणि तळाला राहिलेल्या आमटीत बोट बुडवून चाटले.

"काय वं नीले, साहेबाची आमटी तं खारट हाये."

"ते मीठ नाही, अंजनाबाई. सैंधव आहे."

"मीठ नाही, मंग खारट काहून लागते?"

नीला हसली आणि वहीत डोके घालून बसली. थोड्या वेळाने तिने वही मिटली. ती उठून माझ्यापाशी आली, माझे झाकण सरकवले आणि बराच वेळ दोन्ही खणांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने जुन्या कॅलेंडरचे पान फाडून चार पुड्या बांधल्या. एकीत खडे मीठ, एकीत बारीक, एकीत सैंधव, एकीत पादेलोण. त्यांच्यावर पेन्सिलीने एक ते चार आकडे घातले आणि कॉलेजला घेऊन गेली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. प्रयोगशाळेत तिने चारी पुड्या पाण्यात विरघळवल्या होत्या. प्रत्येकीत एका बाटलीतले दोन थेंब टाकले की फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसत होता, चारींत सारखाच. तारेच्या टोकावर कण घेऊन ज्योतीत धरला की ज्योत पिवळीधमक व्हायची, चारींची सारखीच. पावसाळ्यात खडे मीठ पाझरते ते त्यात मिसळलेल्या दुसऱ्या क्षारांमुळे, पादेलोणाला वास येतो तो गंधकामुळे. पण आत मुख्य माल एकच. मला हे ऐकताना फार गंमत वाटत होती. घरच्या आठवणीची माझी कल्पना निकालात निघाली, याचे थोडे वाईटही वाटले.

"आई, सैंधव मीठच आहे," नीला म्हणाली. "बाबांना आपण रोज मीठच देऊन राहिलो."

यमुताई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. "जळताना सारखं दिसलं म्हणून एक झालं का ते? तूप जळतं, रॉकेलही जळतं."

"अगं पण..."

"इतक्या पिढ्या उपास करून राहिल्या त्या काय मीठ खाऊन करत होत्या? देवाला कळलं नसतं? दोन थेंब टाकून मोठी शिकवायला आली." आणि मग तिचा आवाज बदलला. "नीला, मी एवढं जीव तोडून करते आहे. खातात ते बाहेर. माझ्यावर नको घालू."

नीला चप्पल काढायला मागे वळली. रविवारी डॉक्टर यायचे होते, त्यांनाच विचारू, असे तिने ठरवले असावे.

रविवार यायच्या आधी शनिवार आला. संध्याकाळी मार्तंडराव चहा पीत होते आणि त्यांच्या डाव्या हातातून बशी सुटली. त्यांनी खाली वाकून ती उचलायचा प्रयत्न केला तर हात उचलेना. "नीला" म्हणायला गेले तर जीभ जड झाली होती. यमुताई बाहेरच्या खोलीत धावली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिने त्यांना स्वतः हाक मारली, "अहो, अहो, इकडे बघा, माझ्याकडे बघा!" शेजारचे कोणी डॉक्टरांकडे पळाले.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिले आणि खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. तासाभराने हाताला हालचाल आली, जीभ थोडी सुटली. डॉक्टरांनी कपाळ पुसले.

"हा इशारा आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी हात परत येईल याची मी हमी देत नाही. काका, आता खरं सांगा. मीठ कुठं खाऊन राहिले तुम्ही?"

"कुठंच नाही," मार्तंडराव जड जिभेने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. यमुताईने तोंड भिंतीकडे फिरवले.

तेव्हा नीला उठली, आत आली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचलले. बारा वर्षांत मी कधी बाहेरच्या खोलीत गेलो नव्हतो. तिने मला डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर ठेवले आणि आतले छोटे झाकण काढले.

"बाबांचा स्वयंपाक यानं होतो. दसऱ्यापासून रोज."

डॉक्टरांनी हात पुढे केला. बाहेरून आलेला, आंघोळीचा की बिनआंघोळीचा कोण जाणे, असा तो हात माझ्या शेवटच्या खणात शिरला. यमुताईचा हात मला झाकायला पुढे आला आणि अर्ध्यावरून मागे गेला. डॉक्टरांनी चिमूट जिभेवर ठेवली.

"काकू, हे मीठ आहे."

"सैंधव आहे," यमुताई म्हणाली. "उपासाला चालतं."

डॉक्टरांनी काढून ठेवलेले छोटे झाकण खणावर परत बसवले. मग म्हणाले, "आमच्या घरी छप्पन सालापासून उपास नाहीत. आईनं दीक्षा घेतली त्या दिवशी सगळे सोडले, मी तेव्हा शाळेत होतो. तुमच्याकडे हे मिठात धरत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी दर वेळी मीठ बंद आहे का विचारलं. एकदा डबा बघायला पाहिजे होता. काकू, चूक माझीही आहे. किती घालत होतात?"

यमुताईने दोन बोटे आणि अंगठा एकत्र करून दाखवले. मग तेच पुन्हा एकदा दाखवले. "थंड असतं म्हणून," ती पुटपुटली.

नीलाने विचारले, "मग रोजच्या जेवणाला कुठलं चांगलं, डॉक्टर? समुद्राचं, डोंगराचं की बारीक?"

"ज्याला जे परवडेल, रुचेल ते घ्यावं. रक्तात गेल्यावर सगळी भावंडंच आहेत. मीठ कुठलं हे पाहण्यापेक्षा चमचा किती भरला ते पाहावं. काकांना मात्र सध्या कुठलंच नाही. दोन महिने पूर्ण अळणी, मग मी सांगेन तेवढं, मोजून."

डॉक्टर गेल्यावर नीलाने मला परत ओट्यावर आणून ठेवले. यमुताई माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. "मीच घालून राहिले होते," ती म्हणाली. तिने ते मला सांगितले, की नीलाला, की देवाला, हे मला कळले नाही. मला त्या दिवशी फार लाज वाटली. तिने जिवापाड जपलेल्या माणसाला आजारी पाडणारी वस्तू इतके दिवस माझ्या पोटात होती, आणि मी तिच्यामुळे फुशारत होतो.

मित्रांनो, पुढचे सगळे चांगले झाले. आषाढापर्यंत मार्तंडरावांचे प्रेशर उतरले, गोळ्या निम्म्या झाल्या आणि पुढे दिवसाला अर्धा चमचा मीठ मिळाले. ते ठरल्या वयाला सुखाने निवृत्त झाले आणि अजून सकाळी अंबाझरी तलावाच्या बांधावर फिरायला जातात. अलीकडे आयोडीन घातलेले पिशवीबंद मीठ निघाले आहे. यमुताईने ते घेण्याआधी गिरिधरला इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "अम्मा, पिशवीवर लिहिलं आहे तेवढंच मला ठाऊक. बाकीचं तुमच्या लेकीला विचारा." तिने खरोखरच लेकीला विचारले. ते मीठ पिशवीतून प्लॅस्टिकच्या बरणीत जाते. माझ्या खणांत आता बटणे, सुया आणि दोऱ्याची रिळे असतात, आणि माझे झाकण पावसाळ्यात अडकते. माझी तक्रार नाही. कधीतरी कोणी तेलाचा हात फिरवला तर बरे वाटेल, एवढेच.

विनंती आहे ती वेगळीच. तुमच्या घरी कोणाला पथ्य सांगितले, तर डॉक्टरांना नुसते "हो, पाळतो" म्हणू नका. घरातला डबा त्यांच्यापुढे उघडा आणि यातले काय चालेल ते विचारा, प्रश्न कितीही वेडगळ वाटला तरी. आणि घरातले माणूस शपथ घेऊन काही सांगत असेल, तर त्याचे खिसे चाचपण्याआधी आपल्या ओट्यावर एकदा बघून घ्या.

एक गोष्ट मात्र मागेच राहिली. डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ती सांगतो आणि थांबतो.

रविवारची दुपार होती. त्या दिवशी माझे मिठाचे दोन्ही खण उघडलेच नाहीत. यमुताईने वरण, भात आणि वांग्याची भाजी केली, तिघांसाठी एकच, अळणी. मार्तंडराव पाटावर येऊन बसले. डावा हात अजून मांडीवर नुसता ठेवलेला होता. पानाच्या कोपऱ्यात फक्त लिंबाची फोड होती. त्यांनी भाजीचा पहिला घास घेतला आणि तो तोंडात फिरवत राहिले. बिनमिठाचे वांगे कसे लागते हे ज्याने खाल्ले त्यालाच माहीत. घास खाली जायला बराच वेळ लागला. यमुताई हातात डाव घेऊन समोर उभी होती आणि तिला राहवले नाही.

"अहो," ती म्हणाली, "इतके दिवस मी तुम्हाला खोटं ठरवलं."

मार्तंडरावांनी वर पाहिले नाही. त्यांनी दुसरा घास घेतला, तोही हळूहळू गिळला, आणि पान थोडे पुढे सारले.

"भाजी छान झाली आहे," ते म्हणाले. "अजून वाढ."

इतके दिवस ते तिच्याशी खरे बोलत होते आणि तिने एक शब्द मानला नव्हता. त्या दुपारी ते पहिल्यांदा तिच्याशी खोटे बोलले. यमुताईला ते स्वच्छ कळले, आणि तिने त्यांच्या पानात आणखी एक डाव भाजी वाढली.